पाखरांना ऐकू येईल एवढी शांतता

गुढीपाडव्याच्या सुमारास मराठवाड्यातल्या गावाशहरांत दयाळ गायला लागतो. पहाटे साडेपाचची वेळ असते, पुरते झुंजूमुंजूही झालेले नसते. काळ्या-पांढऱ्या रंगाचा, शेपटी वर उचललेला नर परिसरातली सगळ्यात उंच जागा धरतो. पूर्वी ती जागा लिंबाचा शेंडा असे. आता ती पाण्याच्या टाकीचा कठडा असते, विजेचा खांब असतो, नाहीतर गच्चीवरची डिश. नांदेडच्या विसावा उद्यानाभोवती आणि लातूरच्या नाना-नानी पार्कच्या परिसरात पहाटेचा तेवढा अर्धा तास हे गाणे पुरते ऐकू येते. आधी एक लांब, गोड शीळ. तिच्या मागून येणारी बारीक कुजबुज. मध्येच दुसऱ्याच एखाद्या पाखराची उचललेली लकेर. शीळ लांबून कळते, पण कुजबुजीसाठी कान द्यावा लागतो.

मग सहा वाजतात. दुधाच्या गाड्या निघतात, पेपर टाकणाऱ्यांच्या फटफट्या फिरू लागतात, आगारातून एसटी बाहेर पडते, शिकवणीला निघालेल्या लेकरांच्या स्कूट्या चौकात गोळा होतात. आधी कुजबुज जाते, मग लकेर जाते, शेवटी शीळही जाते. साडेसातला दयाळ त्याच खांबावर बसलेला दिसतो, चोच उघडताना-मिटताना दिसते, गळा फुगलेला दिसतो. गाणे मात्र ऐकू येत नाही.

मला ते ऐकू आले नाही तर फार बिघडत नाही. दोन झाडे सोडून बसलेल्या मादीला ते ऐकू येते का, हा खरा प्रश्न आहे. या लेखात मला त्याच प्रश्नाचा पाठपुरावा करायचा आहे. शहरात बाग करताना आपण झाडे मोजतो, हिरवळीचे चौरस मीटर मोजतो, चालण्याच्या वाटेची लांबी आणि दिव्यांची संख्या मोजतो. बागेच्या अंदाजपत्रकात शांततेसाठी रकाना नसतो. पाखराच्या दृष्टीने मात्र शांतता ही पाण्याइतकीच, ढोलीइतकीच गरजेची वस्तू आहे. ती नसेल तर बाग हिरवी राहूनही राहण्याजोगी उरत नाही.

गाणे हे पाखराचे काम

पक्ष्याचे गाणे आपण आनंदाशी जोडतो. त्याच्यासाठी ते रोजचे काम आहे. दयाळाचा नर गातो तेव्हा एकाच वेळी दोन निरोप जात असतात. शेजारच्या नराला तो सांगतो, इथपर्यंत माझी हद्द. मादीला सांगतो, इथे किडे-मुंग्या भरपूर आहेत, घरट्याला ढोली आहे आणि मी धडधाकट आहे. पहिला निरोप पोचला नाही तर शेजारी हद्दीत शिरतो आणि शब्दांवर मिटणारे भांडण चोचीवर येते. दुसरा पोचला नाही तर विणीचा हंगाम कोरडा जातो.

गाण्याखेरीज हाका असतात. बागेवर शिक्रा आला की बुलबुल आणि साळुंक्या कर्कश ओरडू लागतात, खारही त्यात सूर मिसळते. ज्याला हा इशारा ऐकू येतो तो झुडपात दडतो आणि वाचतो. शिंप्याच्या पाने शिवून केलेल्या घरट्यात पिले चिवचिवतात. त्या आवाजावरून आईला त्यांची भूक कळते आणि ती किती फेऱ्या मारायच्या ते ठरवते. पिलांनाही आई आल्याचे आधी कानानेच कळते, कारण त्यांचे डोळे अजून उघडलेले नसतात.

पक्ष्यांच्या कानाची एक खासियत १९८०च्या दशकात शास्त्रज्ञांच्या लक्षात आली. माणसाच्या अंतर्कर्णातल्या आवाज टिपणाऱ्या केशपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. पक्ष्यांच्या येतात. म्हणजे रहदारीमुळे शहरातली पाखरे आपल्यासारखी कायमची बहिरी होत नाहीत. त्यांची अडचण वेगळी आहे. कान शाबूत, समोरचा गळाही शाबूत, पण मध्ये आवाजाचा असा जाड पडदा की एकाचे दुसऱ्याला पोचत नाही.

गप्प झालेला मार्च

हा पडदा किती जाड आहे, ते आपण सगळ्यांनी एकदा अनुभवले आहे. २२ मार्च २०२० रोजी जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. नांदेडच्या वजिराबादेत आणि सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात त्या लातूरच्या गंजगोलाईत दुपारी बारा वाजता कधी नव्हे ती सामसूम झाली. दुःखाचे, धास्तीचे दिवस होते ते. तरी घरोघरी एक वाक्य ऐकू येई : पाखरे किती वाढली हो!

चार दिवसांत पाखरे वाढत नसतात. ती तिथेच होती, आपल्याला ती आता ऐकू येऊ लागली होती, आणि त्यांची त्यांनाही. दयाळ, कोकिळ, तांबट यांच्या गाण्याचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू होत होता.

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहराजवळ ही गोष्ट मोजली गेली. तिथल्या पांढऱ्या डोक्याच्या चिमणीसारख्या पक्ष्याची गाणी संशोधक आधीपासून नोंदवत होते. टाळेबंदीत तिथल्या रहदारीचा आवाज १९५०च्या दशकाच्या मध्याइतका खाली आला. जुन्या आणि नव्या नोंदी शेजारी ठेवल्यावर दिसले की पक्षी हळू आवाजात गाऊ लागले होते, तरीही त्यांचे गाणे पूर्वीच्या दुप्पट अंतरापर्यंत पोचत होते. गाण्याचा दर्जाही सुधारला होता. एलिझाबेथ डेरीबेरी आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०२०मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट ही की सुधारणेला काही आठवडेच लागले. नदीतला मैला उपसायला वर्षे जातात, तोडलेले वडाचे झाड पुन्हा उभे राहायला दोन पिढ्या जातात. आवाज थांबवला की त्याच क्षणी थांबतो आणि मागे काहीही उरत नाही.

डेसिबलचा हिशेब

लहान बागेत शांतता का टिकत नाही, हे समजायला थोडा हिशेब लागतो. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि ही मोजपट्टी साधी बेरीज-वजाबाकी करत नाही. आकडा १० डेसिबलने वाढला की आवाजातली ऊर्जा दहापट होते. रस्त्यावरची वाहने निम्म्यावर आणली तरी आकडा जेमतेम ३ डेसिबलने उतरतो.

दुसरी गोष्ट अंतराची. एका जागी उभ्या असलेल्या भोंग्याचा आवाज अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबलने कमी होतो. वाहता रस्ता मात्र एका लांब रेषेसारखा आवाज सोडतो, आणि तिथे अंतर दुप्पट झाले तरी घट ३ डेसिबलचीच. समजा, रस्त्यापासून १० मीटरवर ७५ डेसिबल आहेत. मोकळ्या, कडक जमिनीवर २० मीटरवर ७२ उरतील, ४० मीटरवर ६९. दोन एकरांची चौकोनी बाग घेतली तर तिचा मध्य रस्त्यापासून पंचेचाळीस मीटरच्या आसपास येतो. म्हणजे बागेच्या ऐन मध्यावरही रस्ता पाठ सोडत नाही. दोन बाजूंनी रस्ते असतील तर आणखीच. आपल्याकडे निवासी भागासाठी दिवसाची कायदेशीर मर्यादा ५५ डेसिबल आहे, हे याच्याशेजारी ठेवून पाहावे.

रस्त्याकडेला अशोकाची नाहीतर गुलमोहराची एक रांग लावली की आवाज अडतो, असा आपला समज आहे. एका विरळ रांगेने आवाज फारसा अडत नाही. त्यासाठी जमिनीपासून शेंड्यापर्यंत गच्च असा वीस-तीस मीटर रुंद पट्टा लागतो. भरीव भिंत हे काम त्याहून चांगले करते.

ऐकणाऱ्या पाखराच्या बाजूने हिशेब मांडला तर चित्र आणखी बिकट दिसते. संशोधक जेसी बार्बर आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये तो मांडला. भोवतालचा आवाज ३ डेसिबलने वाढला की एखाद्या प्राण्याला ज्या क्षेत्रातले ऐकू येते ते क्षेत्र निम्मे होते. १० डेसिबलने वाढला तर दहावा हिस्सा उरतो. पूर्वी ज्या शिंप्याला सगळी बाग ऐकू यायची, त्याला आता आपल्या झुडपाभोवतीची जागा तेवढी ऐकू येते. शिक्रा मात्र पूर्वीइतक्याच वेगाने येतो.

उंच पट्टी, मोठा गळा, रात्रपाळी

पाखरे हे निमूट सोसत नाहीत. ती मार्ग काढतात, आणि त्यांचे मार्ग अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहेत.

इंजिनाची घरघर आणि टायरची सळसळ यांतली बहुतेक ऊर्जा २ किलोहर्ट्झच्या खाली, म्हणजे खर्जात असते. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात हान्स स्लाबेकूर्न यांनी २००३मध्ये दाखवून दिले की गोंगाटाच्या भागातली वल्गुली आपल्या गाण्यातले खालचे सूर गाळते आणि वरच्या पट्टीत गाते. तीन वर्षांनी त्यांनी युरोपातली दहा शहरे आणि जवळची जंगले ताडून पाहिली, तेव्हा शहरातली गाणी जंगलातल्यापेक्षा आखूड आणि जलद निघाली. बर्लिनमध्ये हेन्रिक ब्रुम यांनी नाइटिंगेल पक्ष्याचा आवाज मोजला. गोंगाटाच्या जागी तो मोठ्याने गातो, आणि कामाच्या दिवशी सकाळी सुट्टीच्या दिवसापेक्षा मोठ्याने गातो. गोंगाटात आवाज आपोआप चढतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी माणसाच्या बाबतीत १९११मध्येच सांगितले होते. लग्नाच्या वरातीत आपण शेजारच्याशी ओरडून बोलतो, तसेच हे. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये २००७च्या अभ्यासात आढळले की जिथे दिवसा गोंगाट जास्त, तिथले रॉबिन रात्री गातात.

उंच पट्टी, मोठा गळा, रात्रपाळी. तिन्हींची किंमत पाखराच्या अंगातून जाते. ओरडून गायला जास्त दम लागतो. रात्री गाणाऱ्याची झोप जाते आणि तो घुबडाच्या नजरेत येतो. आखूड आणि चढ्या सुरातले गाणे मादीला तितके पटेलच असेही नाही.

आपल्याकडे यात एका गोष्टीची भर पडते, ती म्हणजे हॉर्न. युरोपातल्या पाखराला खर्ज सोडून वर पळायला वाट मिळाली. हॉर्नचा आवाज नेमका त्या वाटेवर उभा असतो. माणसाचे लक्ष झटकन वेधले जावे म्हणून हॉर्नची मुख्य ताकद साधारण १.८ ते ३.५ किलोहर्ट्झच्या टापूत ठेवलेली असते, आणि बहुतेक पाखरांचा कानही १ ते ५ किलोहर्ट्झच्या टापूतच सर्वांत तीक्ष्ण असतो. नियमात बसणाऱ्या चारचाकीच्या हॉर्नचा आवाजही सात मीटरवर ९३ ते ११२ डेसिबल असतो. प्रेशर हॉर्न आणि बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर तर नियमाबाहेरचेच. नांदेडच्या देगलूर नाक्यावर किंवा लातूरच्या रेणापूर नाक्यावर पाच मिनिटे उभे राहिलेल्या माणसाला यावर वेगळे काही सांगावे लागत नाही.

ज्यांना सूर बदलता येत नाही

सगळ्याच पाखरांना सूर बदलता येतो असे नाही. दयाळ, बुलबुल, चिमणी, शिंजीर ही गाणारी पाखरे लहानपणी ऐकून शिकतात. म्हणून त्यांना थोडेफार जुळवून घेता येते. पण शिकायलाही आधी ऐकू यावे लागते. वडिलांचे गाणे अर्धेच कानावर पडले तर पिलू अर्धेच शिकणार.

कोकिळ, पावशा, भारद्वाज ही एकाच कुळातली पाखरे. यांचा सूर जन्मजात असतो, शिकलेला नसतो. कोकिळेचे पिलू कावळ्याच्या घरट्यात वाढूनही ‘कुहू’च म्हणते, ते त्यामुळेच. होला आणि तांबट यांचेही तसेच. आता यांचे आवाज आठवा. भारद्वाजाचे घुमणारे ‘हूप हूप’, होल्याचे घूत्कार, तांबटाची भांड्यावर हातोडी पडल्यासारखी ‘टुक टुक’. हे सगळे आवाज १ किलोहर्ट्झच्या आसपास किंवा त्याहून खाली, म्हणजे ट्रकच्या घरघरीच्या घरातच राहतात. ज्यांना सूर बदलता येत नाही त्यांच्याच वाट्याला रहदारीने व्यापलेला सूर आला आहे.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात क्लिंटन फ्रान्सिस यांनी वायूच्या विहिरींवरच्या सतत चालणाऱ्या यंत्रांभोवती अभ्यास केला. जमीन तीच, झाडे तीच, फरक फक्त आवाजाचा. खालच्या पट्टीत बोलणारे पक्षी गोंगाटाच्या जागा टाळताना दिसले. पुढे आणखी एक गोष्ट कळली. पाइनच्या बिया जमिनीत पुरून ठेवणारा एक पक्षी गोंगाटातून निघून गेला, तेव्हा तिथे पाइनची नवी रोपेही कमी उगवली.

आपल्याकडे हेच काम कोण करते? वड, पिंपळ, लिंब, जांभूळ, चंदन यांची फळे खाऊन बुलबुल, साळुंकी, कोकिळ, तांबट बिया गावभर पेरतात. कुणी न लावता विहिरीच्या कठड्यावर उगवलेला पिंपळ आणि कुंपणाकडेला आलेले चंदनाचे रोप ही त्यांचीच लागवड. पाखरे गेली तर काही वर्षांनी झाडांचाही हिशेब बदलतो.

कोकिळ मात्र अजून शहरात टिकून आहे. तिचा आवाज दमदार आहे, फळझाडे आणि कावळ्यांची घरटी तिला शहरातच मिळतात. कावळे, पारवे, साळुंक्याही टिकून आहेत. गोंगाट पाखरांची निवड करतो. धीट आणि ठणठणीत आवाजाची राहतात, नाजूक आणि हळू बोलणारी निघून जातात. बागेत पाखरे दिसतात, पण त्याच चार-पाच जातींची.

बाग हिरवी, घरटे रिकामे

पाखरे आवाजामुळेच जातात की धूर, दिवे, माणसांची वर्दळ यांमुळे, ही शंका रास्त आहे. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात संशोधकांनी तिचा सोक्षमोक्ष लावला. बॉइझी शहराजवळच्या जंगलात, जिथे रस्ताच नव्हता, तिथे त्यांनी अर्धा किलोमीटर लांब लाउडस्पीकरची रांग लावली आणि रहदारीचे ध्वनिमुद्रण वाजवले. गाडी नाही, धूर नाही, दिवे नाहीत, केवळ आवाज. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींनुसार पाखरांची संख्या चौथ्या हिश्श्याहून अधिक घटली. २०१५च्या अभ्यासात जी राहिली त्यांचे वजन मोजले गेले. ती शरद ऋतूतल्या स्थलांतरात विसाव्याला उतरलेली पाखरे होती. पुढच्या प्रवासासाठी त्यांनी अंगावर चरबी धरायला हवी होती, ती पुरेशी धरलीच गेली नाही. आवाजात डोके खाली घालून दाणा टिपायला धीर होत नाही, दर क्षणाला मान वर करून पाहावे लागते. खाण्याचा वेळ पहाऱ्यात जातो.

थंडीच्या दिवसांत आपल्याकडेही असेच पाहुणे उतरलेले असतात. गोदावरीच्या घाटांवर शेपटी हलवत धोबी फिरत असतो, कॉलेजच्या कंपाउंडवर थिरथिरा थरथरत बसलेला असतो, रब्बीची ज्वारी निसवली की भोरड्यांचे थवे येतात. ही पाखरे शेकडो, हजारो किलोमीटर उडून येतात. त्यांना इथे पोटभर खायला निवांतपणा लागतो.

चिमणीचे उदाहरण तर घरातले. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या लंडी बेटावर वीज करणाऱ्या जनरेटरजवळच्या आणि शांत जागेतल्या चिमण्यांची घरटी संशोधकांनी २०१२च्या अभ्यासात ताडून पाहिली. जनरेटरजवळच्या आया पिलांना कमी वेळा भरवत होत्या, पिलांचे वजन कमी भरले आणि मोठी होऊन टिकणारीही कमी निघाली. पिलांची भुकेची हाकच आईला नीट ऐकू येत नसावी, असा संशोधकांचा तर्क आहे. चिमण्या कमी होण्याची कारणे आपण नेहमी बोलतो : कौलारू घरे गेली, वळचणी गेल्या, अंगणातले धान्य निवडणे गेले, किडे गेले. ती सगळी खरी आहेत. त्या यादीत आवाजालाही जागा द्यायला हवी.

२०२४मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेल्या अभ्यासाने आणखी मागचे पाऊल दाखवले. झेब्रा फिंच या लहान पक्ष्याची अंडी आणि पिले आईबापांपासून काही वेळ बाजूला घेऊन त्यांना रहदारीचा आवाज ऐकवला. त्या अंड्यांतून पिले निघण्याचे प्रमाण कमी झाले, निघालेल्यांची वाढ खुंटली, आणि मोठी झाल्यावर त्यांना आयुष्यभरात झालेली पिले शांततेत वाढलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी होती. आवाज कवचाच्या आत पोचतो. आईला ऐकू येणे तर नंतरची गोष्ट.

आपली जमीन, आपल्या बागा

नांदेड आणि लातूर या दोन शहरांत ही गोष्ट विशेष गंभीर का, ते जमिनीकडे पाहिले की कळते. नांदेड जिल्ह्याला किनवट-माहूरचे सागवानी जंगल तरी आहे. लातूर जिल्ह्यात जमिनीच्या एक टक्कासुद्धा वनाच्छादन नाही. रानात पिकांचे पट्टे, बांधावरची झाडे विरळ होत चाललेली. अशा जिल्ह्यात पाखरांनी जायचे कुठे? शहरातल्या बागा, महाविद्यालयांची आवारे, स्मशानभूमी, कब्रस्ताने, जुने वाडे आणि त्यांचे आड हेच त्यांचे रान. लातूरचे कृषी महाविद्यालय, दयानंद महाविद्यालयाचा परिसर, नांदेडजवळ विष्णुपुरीला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार आणि खाली गोदावरीचे पाणी. पाखराच्या नकाशावर हीच मोठी गावे आहेत.

हा मुलूख निजामाच्या राज्यात होता तेव्हा, १९३१-३२मध्ये, सालिम अलींनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली आणि ती बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात क्रमाने प्रसिद्ध झाली. त्या काळी इथल्या रस्त्यांवर बैलगाड्या होत्या. २०११च्या जनगणनेत नांदेड शहराची लोकसंख्या साडेपाच लाख आणि लातूरची सुमारे ३ लाख ८३ हजार होती. तेव्हापासून दोन्ही शहरे चहूबाजूंनी वाढली आहेत. २००८च्या शिखांच्या गुरुतागद्दी सोहळ्याच्या निमित्ताने नांदेडचे रस्ते रुंद झाले, पूल झाले, घाट बांधले गेले. लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला. शिक्षणाच्या ‘लातूर पॅटर्न’मुळे बाहेरगावची लेकरे लातुरात येतात आणि अंधार असतानाच दुचाक्या रस्त्यावर येतात. दिवाळीनंतर गाळप हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टरांवर लावलेले स्पीकर रात्रभर वाजत जातात. हे सगळे पोटापाण्याचे आणि शिक्षणाचे व्यवहार आहेत, ते थांबवा असे कुणी म्हणणार नाही. त्यातला किती आवाज गरजेचा आणि किती सवयीचा, एवढे विचारता येते. चौकात दिवा लाल असताना वाजणारा हॉर्न कुणालाही पुढे नेत नाही.

कायद्यात जागा आहे

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २०००मध्ये शांतता क्षेत्राची तरतूद आहे. तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा असते. रुग्णालये, शैक्षणिक संस्था आणि न्यायालये यांच्याभोवती किमान १०० मीटरचे असे क्षेत्र जाहीर करता येते, आणि सक्षम प्राधिकरणाला इतर परिसरही त्यात घेता येतो. नियमांत पाखरांचा उल्लेख नाही. पण आपल्या दोन शहरांतली पाखरांची सर्वांत चांगली ठिकाणे विद्यापीठाची आणि महाविद्यालयांची आवारेच आहेत. विद्यार्थ्यांसाठी केलेला नियम मनापासून पाळला तर तोच पाखरांना पुरेल. विनाकारण हॉर्न वाजवल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-एफनुसार पहिल्या वेळी १ हजार आणि पुढच्या वेळी २ हजार रुपये दंड आहे. तोही आहे तसा लागू केला तरी पुष्कळ होईल.

बाकीची कामे महापालिकेच्या हातातली आहेत आणि फार खर्चाची नाहीत. रस्त्याकडेच्या बाजूला बागेला नुसती लोखंडी जाळी असते, तिथे माणसाच्या डोक्याहून उंच भरीव भिंत घालावी आणि आतून अडुळसा, निर्गुडी, मेंदी अशी गच्च झुडपे लावावीत. भिंतीने आवाज अडेल, झुडपात घरटी होतील. रिक्षाथांबा आणि गाड्यांचे वाहनतळ बागेच्या भिंतीपासून दूर न्यावे. बागेभोवतीच्या रस्त्यांवर वेगाची मर्यादा ३० ठेवावी. बागेत सकाळी वाजणारे स्पीकर आठपर्यंत बंद ठेवावेत, कारण चालायला येणाऱ्या माणसांचेही त्यात भलेच आहे. मार्च ते जून या विणीच्या महिन्यांत बागेचा एखादा कोपरा माणसांसाठी बंद ठेवावा.

आणि मोजावे. महापालिकांना दरवर्षी पर्यावरण स्थिती अहवाल काढावा लागतो. त्यात चौकांच्या आवाजाबरोबर बागांच्या आतला आवाजही यावा, पहाटे साडेपाचचा आणि सकाळी साडेसातचा. विद्यापीठात जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलांना मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज नोंदवता येतात. दोन नोंदी शेजारी ठेवल्या की प्रत्येक बागेचे पत्रक तयार होईल. आज आपण बाग चांगली की वाईट ते डोळ्यांनी ठरवतो. ते कानांनीही ठरवता येईल.

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा. या दोन दिवसांमधला आठवडा महाराष्ट्र शासनाने २०२०पासून पक्षी सप्ताह ठरवला आहे. सोलापूरचे चितमपल्ली जून २०२५मध्ये गेले. पक्ष्यांची मराठी नावे गोळा करून त्यांनी ‘पक्षीकोश’ आपल्या हाती दिला. नावे टिकवायची तर ती धारण करणारी पाखरेही टिकायला हवीत. सप्ताहात शाळाशाळांतून पक्ष्यांची चित्रे रंगवली जातात, घोषणा दिल्या जातात. यंदा त्यातला एक तास मुलांना गप्प बसून ऐकायला द्यावा.

वाचकांना माझी एक विनंती आहे. येत्या पाडव्याच्या आठवड्यात एका दिवशी पहाटे साडेपाचला आपल्या घराजवळच्या बागेत जाऊन अर्धा तास बसा आणि जी जी पाखरे ऐकू येतील त्यांची नावे कागदावर लिहा. नाव माहीत नसेल तर आवाजाचे वर्णन लिहा. साडेसातला त्याच बाकावर पुन्हा बसा आणि ऐकू येईनासे झालेल्या नावांवर काट मारा. तो कागद महापालिकेच्या आयुक्तांना द्या. घरी परतताना आपल्या गाडीचा हॉर्न एकदाही वाजवू नका. उरलेले काम दयाळ स्वतः करेल, त्याला ते येते.